मन प्रसन्न झाले

एका जंगलात सकाळी सकाळीच भांडण जुंपलं होतं, बाळांनो. कान टवकारायचीही गरज नाही, इतका आवाज चढला होता.

“भोपळा? माझ्या नातीला भोपळा?” धुरपाआजी कडाडली. “पोरीनं स्वतःच्या डोक्यानं निबंध लिहिलाय, गुरुजी!”

“तेच तर चुकलं ना, आजी,” एडकागुरुजी म्हणाले.

धुरपाआजी म्हणजे कळपातली सगळ्यांत म्हातारी मेंढी. एडकागुरुजी मेंढ्यांच्या शाळेचे मुख्याध्यापक. आणि आजीच्या पोटाला चिकटून उभी होती ती नात, झुंबर. तिला वरच्या वर्गात घालायचं नाही, असं गुरुजींनी ठरवलं होतं. आजीला स्वतःला शाळा मिळाली नव्हती. नात शिकावी, एवढी एकच आस. म्हणून शिंगं नसतानाही ती शिंगं उगारून दारात उभी होती.

झालं होतं असं. लांडगासाहेबांनी जंगलात कलादालन काढलं. शाळांना प्रवेश फुकट. चित्रं पाहून मुलांची दृष्टी रुंदावते, सर्वांगीण विकास होतो, असं साहेब भाषणात म्हणाले. गुरुजींनी खुरं बडवली. सहल ठरली.

आणि सहलीच्या आदल्या दिवशीच गुरुजींनी फळ्यावर निबंध लिहून दिला, ‘मी पाहिलेले कलादालन’. कोकरांनी तो उतरवला, पाठ केला, आणि मग कलादालन पाहायला गेली. हसू नका. तुमच्या शाळेत काय वेगळं करतात?

कोकरं रांगेनं चालली. तोंड मिटून, मान खाली, नजर पुढच्याच्या शेपटीवर. मेंढरांची चालायची रीतच ती. सगळं दालन शेपट्या बघत पालथं घातलं. एकट्या झुंबरनं मान वर केली, आणि जी किंचाळली, ती घरी येईपर्यंत थांबली नाही.

“हिनं काय लिहिलंय, ऐका,” गुरुजी वाचू लागले. “‘मोठ्या चित्रात लांडगा होता. त्याच्या तोंडात कोकरू होतं. ते अजून जिवंत होतं. मला घरी जावंसं वाटलं.’ याला निबंध म्हणायचं?”

“होतं तेच लिहिलं ना?”

“बाकीच्यांचं बघा. ‘मोठ्या चित्रातले हिरवेगार कुरण पाहून माझे मन प्रसन्न झाले.’ सगळ्यांचं तेच. काना-मात्रेचा फरक नाही!”

“तुम्ही पाहिलंत का ते चित्र?”

“मी रांग सांभाळत होतो. मुख्याध्यापकानं काय चित्रं बघत बसायची?”

“न बघता मार्क देता? तुमच्यापेक्षा दगड बरा, निदान गप्प तरी बसतो!”

गलका ऐकून सगळी आईबापं गोळा झाली. तेवढ्यात स्वतः लांडगासाहेब आले. आवाज मऊ, लोण्यासारखा.

“निबंध वाचले,” साहेब म्हणाले. “डोळे भरून आले. ते चित्र बघून इतक्या जणांचं मन प्रसन्न झालं! असेच विद्यार्थी मी शोधत होतो. ज्यांना दहापैकी दहा, त्या सगळ्यांना आज माझ्याकडे जेवायला आमंत्रण. पालकांनी यायची तसदी घेऊ नये.”

आईबापं हरखली. कुणी लेकराची लोकर विंचरू लागलं, कुणी खुरं पुसू लागलं.

गुरुजीही विरघळले. “चला आजी, आजच्या दिवशी वाद नको. झुंबरलाही दहापैकी दहा. वरच्या वर्गात घातली. पाठवा तिलाही जेवायला.”

आजी जिंकली होती. ज्यासाठी आली ते पदरात पडलं होतं. तिनं साहेबांकडे पाहिलं. साहेब ओठांवरून जीभ फिरवत होते. झुंबर आजीच्या पोटाखाली शिरली.

तात्पर्य: कलादालन दाखवल्यानं मुलांचा सर्वांगीण विकास होतो, आणि विकास झालेली मुलं चवीला बरी लागतात. म्हणून फळ्यावरचं उतरवावं, मान वर करू नये. एवढं पाठ करा, परीक्षेला येईल. आणि भांडण कसं मिटलं म्हणाल, तर जमलेल्या झाडून सगळ्या आईबापांना ऐकू जाईल अशा आवाजात धुरपाआजी म्हणाली, “गुरुजी, आमचा भोपळा आम्हाला परत द्या, उद्या वर्गात ही एकटीच उरेल, तेव्हा पहिली हीच येईल.”