मोठ्या आईचा निकाल

परदेशात कुठेतरी लाल गालिचा अंथरला, की त्याचा निकाल आमच्या गावी, सायखेड्यात लागतो. माझ्या थोरल्या जाऊबाई सकाळी चहा बाजूला ठेवून मोबाईल डोळ्यांपासून हातभर लांब धरतात, नटीचा फोटो दोन बोटांनी मोठा करतात आणि घरच्या ग्रुपवर व्हॉइस मेसेज सोडतात. "ही पास. ती नापास. आन् ही पांढऱ्या जाळीवाली, हिला कोणी सांगितलं नाय का, द्राक्षबागेवरची जाळी बागेवरच ठेवायची असती?"

थोरल्या जावेला आमच्याकडे 'बाई' म्हणतात. भाऊजी गेले, मुलगा नोकरीला बाहेरदेशी, त्यामुळे बाईंना वेळच वेळ, असं मी आपलं मनातल्या मनात म्हणते. उघड म्हणायची सोय नाही, कारण सगळं खानदान त्यांच्या निकालाची वाट बघत असतं. मी शहरात, द्वारका चौकाजवळ राहते, कपड्यातलं मलाही कळतं, पण माझ्या मताला कोणी अंगठासुद्धा दाखवत नाही. एकदा मी एका नटीच्या गाऊनबद्दल चांगले चार शब्द लिहिले, तर नणंदेनं खाली विचारलं, "बाईंचं काय म्हणणं?" जळफळाट होतो हो माणसाचा.

बरं, त्यांची कसोटी तरी काय? रंग, कापड, हिरे हे सगळं नंतर. आधी त्या बघतात, "हिच्या मागं माणूस हाय का?" झग्याचा घोळ मागून कोणीतरी नीट पसरून दिलेला दिसला की पास. चेन वाकडी, शेपूट पायात, की नापास. "एवढा भारी झगा, आन् मागून बघायला घरचं एक माणूस नाय. माल लय चांगला, पॅकिंग गेलं." आमचं घर द्राक्षवाल्यांचं, त्यामुळे आमच्याकडे नट्यांनाही पॅकिंग लागतं.

माझी लेक सायली त्यांची पट्टशिष्या. लहानपणापासून त्यांना 'मोठी आई' म्हणते. म्हणजे मी आपोआप छोटी.

तिच्या लग्नाच्या रिसेप्शनसाठी मी येवल्याहून वांगी रंगाची पैठणी आणली होती. तिला हवा होता लांब शेपटाचा गाऊन. घरात रोज धुसफूस. शेवटी ती म्हणाली, "मोठी आई सांगेल ते." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाईंनी गाऊन सांगितला तर माझी पैठणी कपाटात, आणि पैठणी सांगितली तरी मान त्यांचा. दोन्हीकडून मीच नापास.

मेसेज आला. "पैठणी. आन् पार्लरवालीला हात लावू द्यायचा नाय. आईनं नेसवायची."

"मोठी आई म्हणाली म्हणून हं," लेक म्हणाली.

"हो गं, त्यांचीच कृपा," असं म्हणून मी भांडी जरा जोरातच आपटली.

रिसेप्शनच्या दिवशी लॉन्सवरच्या खोलीत मी सायलीला पैठणी नेसवली. निऱ्या खोचल्या, मग जमिनीवर बसून एकेक निरी चिमटीत धरून खाली ओढली. हे काम ज्याचं त्याला जमत नाही. स्वतः वाकलं की निऱ्या हलल्याच. तेवढ्यात बाई आल्या. सायलीभोवती एक चक्कर मारली, पदर बघितला, काठ बघितला.

"पास," त्या म्हणाल्या. "हिच्या मागं माणूस हाय."

सगळ्या बायका माझ्याकडे बघून हसल्या. मला इतकं बरं वाटलं की त्याचाच मला राग आला. यांच्या एका शब्दानं एवढं फुलायचं काय कारण?

सगळे स्टेजकडे गेले. पिनांची डबी विसरली म्हणून मी परत खोलीत आले, तर बाई आरशासमोर एकट्या. एका हातानं खुर्ची धरून, दुखऱ्या गुडघ्यांवर वाकून, त्या स्वतःच्या निऱ्यांपर्यंत हात पोचवायला बघत होत्या. साडी एका बाजूनं घोट्याच्या वर गेली होती. मला बघून त्या सरळ झाल्या.

"आज मी नापास," त्या म्हणाल्या. "तू जा. मी बसते मागच्या खुर्चीवर."

भाऊजी गेल्यापासून लग्नकार्यात बाई शेवटच्या रांगेत बसतात. मला वाटायचं, सगळ्यांच्या साड्यांना मार्क द्यायला बसतात.

मी खाली बसले आणि निऱ्या ओढायला लागले.

"तुझे भाऊजी ओढायचे," वरून आवाज आला. "दार लावून. कोणाला सांगू नको म्हणायचे."

थोरले भाऊजी. ते नुसते खोकले तरी घर गप्प व्हायचं. त्यांच्यासमोर मी डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही. ते टोपी काढून जमिनीवर बसायचे आणि बायकोच्या निऱ्या सारख्या करायचे. माझ्या नवऱ्याला मी कुठल्या रंगाची साडी नेसले होते, हे अल्बम आल्यावर कळतं. खरं सांगते, त्या क्षणी बाईंचा जेवढा हेवा वाटला, तेवढा जन्मात वाटला नव्हता.

शेवटची निरी झाली. मी उठू लागले, तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"झालं?"

"झालं."

"अजून एकदा ओढ," बाई म्हणाल्या. "घाई नाय."

निऱ्या सरळच होत्या. मी पुन्हा पहिलीपासून धरल्या.