फादर इनासांचे उपास

फादर इनास कोणत्या दिवशी जेवतील, हे त्यांच्या स्वयंपाकीण मेरीअक्कांनाही कळत नसे. शुक्रवारचा उपास त्यांच्या स्वतःच्या धर्माचा. एकादशी माझ्या आईकडून घेतलेली आणि रोजे, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या करीमभाईंकडून. पहिल्या एकादशीला आईने त्यांना साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि शिंगाड्याचा शिरा वाढला. सगळं संपवल्यावर त्यांनी गंभीरपणे विचारलं, "वहिनी, स्वल्प समजावून सांगा. यात उपास कुठे आहे?"

फादर मूळचे खानापूरचे, त्यामुळे मराठी आमच्यासारखीच, कानडी शिंपडलेली. आम्ही राहायचो त्या बनशंकरी भागात, आमच्या मागच्याच गल्लीत त्यांचं चर्च होतं. आई त्यांना 'फादरअण्णा' म्हणायची. घंटा आरतीआधी का वाजवता, तुळशीला पाणी सकाळीच का, असं ते विचारत आणि वहीत उतरवून घेत. पुष्कळदा आईलाही उत्तर ठाऊक नसायचं. मग ती दोन दिवस विचार करून सांगायची.

बाबांना मात्र खात्री होती, की हा माणूस आपल्याला बाटवायला येतो. वर्षभर वाट पाहून त्यांनी शेवटी तोंडावरच विचारलं. फादर म्हणाले, दुसऱ्यांच्या धर्मात जे खरं आणि पवित्र आहे त्याचा मान राखा, असं आमचं चर्चच सांगतं. मान राखायचा तर आधी ते कळायला नको का? तरी बाबांचा संशय काही गेला नाही.

नंतर आई गेली. दहा दिवस आमच्या घरी चूल पेटली नाही. शेजारपाजारचे डबे येत होते, माणसं येऊन नुसती बसत होती. फादर रोज संध्याकाळी येऊन सतरंजीवर बाबांच्या शेजारी बसायचे. वही आणत नसत. प्रश्नही नाही.

दहाव्या दिवशी बाबाच म्हणाले, "आज काही विचारायचं नाही?"

"विचारायचं नाही, सांगायचंय," फादर म्हणाले. "माझी आई गेली तेव्हा मी सेमिनरीत पाद्री व्हायचं शिकत होतो. तार आली. प्रार्थना केली आणि दुसऱ्या दिवशी परीक्षेला बसलो. माणसाजवळ असं दहा दिवस कुणी बसतं, हे मला इतक्या वर्षांनी तुमच्या घरात कळलं."

मग बाबांनी विचारलं, "आईचं नाव काय तुमच्या?"

"रेजिना."

"कशा होत्या?"

फादर तासभर आपल्या आईबद्दल बोलत राहिले. बाबा ऐकत होते.

दोन महिन्यांनी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे म्हातारे गृहस्थ वारले. घरी त्यांची बायको एकटीच उरली. फादरनी तिच्याजवळ दहा दिवस रोज कुणीतरी जाऊन बसायचं, अशी पाळी लावली. डबा कुणी न्यायचा तेही ठरवलं.

चौथ्या दिवसाची पाळी बाबांनी मागून घेतली.