सरलष्करांचे पथ्य, अर्थात केळे व पेरू यांच्या बलाबलाची हकीकत

श्री. ज्याच्या सत्तेने मुळाशी घातलेले साधे पाणी शेंड्यास जाऊन गोड होते, त्या जगदीश्वरासी नमन करोन, शके सोळाशे पन्नास, कीलकनाम संवत्सरी एके राज्यात जे वर्तमान जाहले ते लिहितो. राज्याचे नाव लिहावयाचे प्रयोजन नाही. पूर्वेस नदी, नदीकाठी केळीची बने. पश्चिमेस माळ आणि डोंगर, तेथे पेरूची झाडे. मध्ये राजधानी, इतके ध्यानी असले म्हणजे पुरे.

त्या राज्याचे सरलष्कर रायाजीराव. वय साठी उलटलेले, तोंडात दात थोडे, आवाज मोठा. त्यांचे थोरले पुत्र हैबतराव मागील मोहिमेत बापाच्या हुकुमाने नदी उतरोन गेले आणि पलीकडेच पडले. त्यांची स्त्री दर्याबाई, वय लहान, पोटी संतान नाही. ती त्या दिवसापासून माजघरापलीकडील खोलीत राहू लागली आणि सासऱ्यांशी बोलणे तिने टाकिले. भांडली नाही, दोष दिला नाही. ते समोर आले म्हणजे पदर ओढोन भिंतीकडे तोंड करीत असे, इतकेच. सरलष्करांनीही तिजला हाक मारिली नाही. मारावी तर कोणत्या तोंडाने मारावी, ऐसे त्यांचे मनात असे; ते तिजला पुढे कळले.

ऐसे चालत असता भाद्रपदात सरलष्करांस ताप आला आणि तो हटेना. अंगावरचे मांस गेले, अन्नाचा वास सोसेना. सरकारातून नारोपंत वैद्य आले, त्यांनी नाडी पाहोन सांगितले की औषध मी देतो, परंतु पोटात काही गेले पाहिजे. तोंडास रुचेल ते फळ द्यावे. मग धाकटी सून सगुणाबाई, जिचे माहेर डोंगराकडे, तिने पिकले पेरू निवडोन फोडी करोन पाठविल्या. लग्न होऊन आली तेव्हा तिने माहेरची रोपे आणोन छावणीच्या कडेने लाविली होती, त्याच झाडांचे पेरू. परंतु सरलष्करांचे तोंड तापाने आलेले, बिया दातांत अडकल्या, फोड चावेना. त्यांनी ताट परत केले आणि कूस बदलली.

हे सर्व दर्याबाई भिंतीपलीकडून ऐकत होती. तिचे माहेर नदीकाठचे; तेथून केळीचे घड आले होते ते खोलीतच टांगलेले. तिचे मनात काय आले ते तिजलाही सांगता येईना. तिने दोन केळी सोलोन दुधात कुसकरली, वर साखर घालोन शिकरण केली, आणि वाटी घेऊन स्वतः बिछान्याजवळ जाऊन उभी राहिली. सरलष्करांनी डोळे उघडोन पाहिले आणि वाटी घेऊन खाऊ लागले. वाटी रिती जाहली. मग त्यांनी विचारिले, "आणखी आहे?" दर्याबाई म्हणाली, "आहे." वर्षानंतर उभयतांत जाहलेले बोलणे ते हेच.

त्या दिवसापासून दोन्ही वेळा शिकरण जाऊ लागली. सरलष्करांचे गाल भरले, हातात जोर आला, आणि इकडे दर्याबाई खोलीतून बाहेर येऊ लागली, चुलीपाशी बसू लागली. एके दिवशी सरलष्करांचे मिशीस शिकरण लागलेली पाहोन ती हसली, तेव्हा दाराशी बसलेल्या सगुणाबाईच्या डोळ्यांस पाणी आले. दसऱ्यास सरलष्कर घोड्यावर बसोन निघाले. ते पाहोन महाराज बहुत संतोषी जाहले. दरबारात ज्यांच्या जमिनी नदीकाठी त्यांनी केळ्याची थोरवी सांगितली, ज्यांच्या जमिनी डोंगराकडे त्यांनी पेरूची बाजू घेतली आणि बरीच बोलाचाली जाहली. शेवटी महाराजांनी आज्ञा केली की सरलष्करांस उठविले ते फळ श्रेष्ठ. सबब छावणीच्या कडेची पेरूची झाडे तोडोन तेथे केळी लावाव्या, कार्तिकी पौर्णिमा जाहली की काम सुरू करावे. आणि दर्याबाईस महावस्त्र पाठविले. जावेचे महावस्त्र सगुणाबाईनेच घडी करोन पेटीत ठेविले, आणि त्या दिवशी जेवली नाही.

परंतु दर्याबाईच्या ध्यानात काही गोष्टी येऊ लागल्या. मामंजी तांब्यामागोन तांबे पाणी पितात आणि तहान जात नाही. चार पावले चालोन बसतात. घोड्याच्या रिकिबीने घोट्यास खरचटले ती जखम महिना होत आला तरी ओलीच. मग एके सकाळी मोरीकडे गेली असता तिने पाहिले की सरलष्कर लघवीस जातात त्या कोपऱ्यात मुंग्यांची रांग लागलेली. तिने पाणी ओतिले, फरशी घासली. दुसरे दिवशी मुंग्या पुन्हा तेथेच. ती तेथे उकिडवी बसोन किती वेळ पाहत राहिली. तिजला समजले, आणि समजले नाही ऐसे म्हणावयाचीही सोय होती. कोणी विचारिले नव्हते, महावस्त्र पेटीत होते, आणि वाटी घेऊन जावयाची वेळ जाहली होती. परंतु ती उठली आणि नारोपंतांस बोलावू धाडिले.

नारोपंत आले, मोरी पाहिली, जखम पाहिली आणि खाली बसले. म्हणाले, मधुमेह जाहला आहे. तो आत आधीपासोन असेल, गोडाने वर आला. मग दर्याबाईने पडद्याआडून विचारिले की मग केळे वाईट काय. नारोपंत बोलिले की ऐसे नव्हे. केळे मऊ, दात नसलेल्यासही जाते, बिघडलेल्या पोटास सोसते, थकल्या माणसास लवकर बळ देते आणि मांस चढविते. तापातून उठवावयास तेच योग्य होते, आणि तुम्ही दिले म्हणोन ते उठले. परंतु त्यात साखर फार, ती लगेच अंगात भिनते, आणि तुम्ही वर आणखी साखर घातली. पेरूत गोडी कमी, चोथा फार. तो पोटात सावकाश उतरतो, भूक धरोन ठेवितो, कोठा साफ करितो, आणि त्याच्या आंबटतुरट रसाने हिरड्या घट्ट होतात, जखम भरावयासही तो रस चांगला. तोही भारंभार खावयाचा नाही. एके वेळी अर्धा, सोबत जवाची भाकरी आणि रोज चालणे. "फळात दोष नाही, बाई," नारोपंत म्हणाले, "तापात जे औषध होते ते आता अपथ्य जाहले, इतकेच. चूक माझी, मी येऊन पाहावयास हवे होते."

वैद्य गेले. दर्याबाईस वाटले की पुन्हा खोलीत जावे आणि कडी लावावी. एकदा ह्या घराने माझे माणूस नेले, आता माझ्या हाताने ह्या घराचे माणूस जात होते, ऐसे तिचे मनात आले. परंतु ती खोलीकडे गेली नाही, सगुणाबाईच्या दाराशी गेली आणि म्हणाली, "सगुणा, दोन पेरू दे. पिकलेले दे." सगुणाबाईने कारण विचारिले तेव्हा तिने सर्व सांगितले, लपविले नाही. मग दोघी जावा बसल्या, पेरू फोडिले, मधला बियांचा गर काढोन टाकिला, आणि कडेचा गर किसणीवर किसोन मीठ लाविले, म्हणजे दात नसले तरी जावे.

सरलष्कर पानावर बसले होते. वाटी पाहोन म्हणाले, "शिकरण नाही?"

"आजपासोन नाही," दर्याबाई म्हणाली, आणि मुंग्यांचे, वैद्यांचे सर्व वर्तमान खाली मान घालोन सांगितले.

सरलष्कर बोलिले, "मला ठाऊक होते. माझे वडील ह्याच दुखण्याने गेले. तहान लागू लागली तेव्हाच ओळखले."

"मग खात का होता, मामंजी?"

"तू वाढीत होतीस. नको म्हटले असते तर पुन्हा त्या खोलीत गेली असतीस."

दर्याबाईने मान वर केली. मोहिमेनंतर प्रथमच तिने त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिले. म्हातारा माणूस, डोळे ओले, हात मांडीवर. ती म्हणाली, "नाही जाणार. आता हे खा."

मग त्यांनी खाल्ले. तुरट आहे म्हणोन तोंड वाकडे केले, परंतु वाटी पुरी केली.

दुसरे दिवशी सरलष्कर पालखीत न बसता पायी दरबारास गेले आणि पौर्णिमेच्या आधी आज्ञा फिरवावी ऐसी विनंती केली. मुंग्यांची गोष्टही भर दरबारात सांगितली, लाज धरिली नाही. महाराज म्हणाले, मग आता नदीकाठच्या केळी तोडाव्या काय. सरलष्कर बोलिले, "महाराज, लष्करात माणसे एका जातीची नाहीत. तापातून उठलेला शिपाई आहे, माझ्यासारखा म्हातारा आहे. दोन्ही झाडे राहू द्यावी आणि कोणास काय द्यावे ते वैद्यांस विचारावे." ते महाराजांस मानवले. कुऱ्हाडी परत कोठीत गेल्या. पेरूच्या पलीकडे ओल होती तेथे केळी लाविल्या, आणि छावणीच्या दवाखान्याची देखरेख दर्याबाईने मागोन घेतली. माहेरचे घड पुढे तेथेच उतरू लागले.

येणेप्रमाणे केळे व पेरू यांचा निवाडा जाहला, म्हणजे जाहला नाही. सरलष्करांची जखम माघात भरली. ते पुढेही काही वर्षे वाचले, पथ्य बहुतकरोन पाळीत असत, कुरकुर मात्र रोज करीत. आणि त्यांची कुरकुर ऐकावयास त्यांची थोरली सून रोज पानासमोर बसत असे. कळले तैसे लिहिले आहे.