आंतरराष्ट्रीय सारवण

सेवा ही स्वतःच्या घरापासून जितकी लांब जाऊन करावी तितकी ती मोठी ठरते, हे आता जगभर मान्य झालेलं आहे. स्वतःच्या घरात केर काढला तर कुणी विचारत नाही. शेजाऱ्याच्या घरात काढला तर लोक भलताच संशय घेतात. आणि विमानात बसून सात समुद्रापलीकडे जाऊन काढला तर प्रमाणपत्र मिळतं. (विमानाचं तिकीट ज्याचं त्यानं काढायचं.)

एवढं पटलं की प्रश्न उरतो तो फक्त परदेश कुठे आहे हा. आमच्या बोरखिंडीला हा प्रश्न कधी पडला नव्हता. कर्जत आणि खोपोलीच्या मधे, रस्त्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याशी आम्ही पिढ्यान् पिढ्या गुपचूप बसून होतो, आणि एके दिवशी कळलं की आम्हीच परदेश आहोत. ही बातमी जगदीशशेठनं आणली. गावाबाहेर त्यांचे तंबू आहेत, मुक्कामाला लोक येतात. युरोपातली एक कंपनी तिकडच्या मंडळींना 'सेवा आणि सहल' करायला आपल्याकडे धाडते, अर्धे दिवस सेवा, अर्धे दिवस सहल, असं त्यांनी सांगितलं. तिथल्या तिथे बोरखिंड ग्राम अतिथी सेवा समिती स्थापन झाली. जगदीशशेठ अध्यक्ष, मी चांगो सचिव, आणि कर्जतच्या कॉलेजात शिकलेली त्यांची पुतणी रिया दुभाषी. बाकीचे सदस्य चहाला असतात.

आता सेवेकऱ्याला सेवा करण्याजोगं काहीतरी लागतं, आणि नेमकं तिथंच गाव कमी पडलं. शाळा रंगवावी म्हटलं तर कंपन्यांच्या समाजकार्यातून ती इतक्या वेळा रंगवली गेली आहे की खिडक्या लागत नाहीत. गाव झाडावं म्हटलं तर पाहुण्यांनी खराटे हातात घेताच गावातल्या बायकांनी ते हिसकावून घेतले. "पावण्याला झाडाया लावताव? लाज वाटत नाय का रं?" असं त्या मलाच म्हणाल्या. पहिल्या तुकडीनं दोन दिवस घरोघरी चहा पिण्याची सेवा केली. तिसऱ्या दिवशी डेन्मार्कची लीना नावाची मुलगी सहज हिंडताना इंदूबाईंच्या दारात थांबली आणि किंचाळली. आम्हाला वाटलं विंचू. पण तो आनंद होता. आत इंदूबाई जमीन सारवत होत्या.

इथं थोडा खुलासा करतो. बोरखिंडीत आता प्रत्येक घरात लादी आहे. फक्त इंदूबाईंचं घर राहिलं होतं. त्यांचे यजमान आबाजी भिंती पक्क्या करून वारले, जमीन राहून गेली. म्हणजे ज्याला गाव आजवर इंदूबाईंची अडचण समजत होतं, तो गावाचा वारसा निघाला. आपल्याकडे काय काय आहे हे सांगायला बाहेरचंच माणूस यावं लागतं, दुसरं काय!

मग सारवणाची रीतसर पद्धत ठरली. शेण शिळफाट्याच्या पलीकडच्या एका तबेल्यातून टेंपोनं आणावं, कारण गावात आता गुरं नाहीत. ते ताजं असावं, मात्र त्याला वास नसावा. (तबेलेवाल्यानं या अटीवर विचार करायला मुदत मागितली आहे.) हातमोजे ऐच्छिक, फोटो सक्तीचा. घरमालकिणीनं सेवा चालू असताना दाराशी उभं राहून हसावं. दुपारी सहल. तीत कोंढाण्याची लेणी, माथेरान आणि येसूबाईची पिठाची गिरणी. गिरणीचे फोटो लेण्यांपेक्षा जास्त निघतात. पहिल्या हंगामाअखेर समितीनं पाहणी केली, तेव्हा शंभर टक्के पाहुणे समाधानी आढळले, चाळीस टक्क्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि एकाला गजकर्ण झालं. (ते तो तिकडूनच घेऊन आला होता, असं समितीचं मत आहे.)

अडचण एकच आली. सारवण म्हणजे पातळ हात. आपल्या बायका असा हात फिरवतात की शेण आलं कधी आणि वाळलं कधी कळत नाही. परदेशी माणूस मनापासून काम करतो, आणि मनापासून केलेलं काम जाड होतं. एकेक थर भाकरीएवढा. तोही दर आठवड्याला. हंगाम संपेपर्यंत इंदूबाईंची जमीन वीतभर वर आली. दार उघडेना, म्हणून सुतार बोलावून ते खालून कापलं. खाट उचलायची असते हे पाहुण्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे तिचे पाय जमिनीत गेले आणि ती कायमची तिथलीच झाली. इंदूबाईंचा मुलगा जितेश घरात शिरताना तुळईवर डोकं आपटू लागला.

यावर समितीनं काढलेला तोडगा मला आजही अभिमानास्पद वाटतो. एका आठवड्याच्या तुकडीनं सारवायचं आणि पुढच्या आठवड्याच्या तुकडीनं उकरायचं. दोघांची प्रमाणपत्रं सारखीच. उकरलेला माल जगदीशशेठच्या आंब्यांना जातो. एकाच घरात सेवा कधी संपूच नये, अशी सोय जगात दुसरीकडे कुठे असेल तर समितीला जरूर कळवावं.

सगळं असं सुरळीत चाललं असताना इंदूबाईंनी विघ्न काढलं. जितेश रसायनीत एका कंपनीत कामाला आहे. पोरगा सरळ, निर्व्यसनी, पगार वेळेवर. तरी तीन स्थळं मोडली होती. मुलीकडचे पाहुणे यायचे, खाली बघायचे आणि चहा अर्धा ठेवून उठायचे. चौथं स्थळ मोहोपाड्याचं, सुरभी नावाची मुलगी. ती तिथल्याच एका गोदामात ऑफिसचं काम बघते, आणि तिला जितेश आवडला होता. पण तिच्या आईनं स्वच्छ सांगितलं, "पोरगा चांगला हाय. पण माजी पोर शेणात हात घालनार नाय. घर बघाया येऊ तवा लादी दिसली तर साखरपुडा, नायतर राम राम." रविवारही सांगून टाकला.

इंदूबाई तडक माझ्याकडे आल्या.

"चांगो, मला लादी घालायची हाय रं."

"कुठं, काकू?"

"कुठं म्हंजे? घरात. तुज्या घरात हाय तशी."

माझ्या घरात चकचकीत लाद्या आहेत, हे खरं आहे. परंतु परंपरा जपायची तर ती कुणाच्या तरी घरात जपावी लागते, आणि ते घर आपलं असून भागत नाही. हे मी त्यांना परोपरीनं समजावलं. त्या म्हणाल्या, "मंग तू तुजी काढ, मी माजी घालते." वयस्कर बाई, काय बोलणार!

समितीनं मात्र विषय सहानुभूतीनं हाताळला. दोन तास चर्चा होऊन असं ठरलं की सेवा ही जमिनीवर चालते, भिंतीवर नाही. सबब, समितीच्या खर्चानं इंदूबाईंच्या भिंतींना खांद्यापर्यंत लादी बसवावी. तशी ती बसवली. गुलाबी. खाली शेण आणि भोवती गुलाबी लादी, असं घर जिल्ह्यात दुसरं नसेल. इंदूबाईंनी चारी भिंती पाहिल्या आणि म्हणाल्या, "आता शेण छताला लावा, म्हंजे झालं." समितीनं ही सूचना दप्तरी दाखल करून घेतली.

मग त्यांनी थेट लीनालाच गाठलं. लीना दुसऱ्या वर्षीही आली होती, गुडघ्यापर्यंत शेणात बसली होती, सुखात होती. इंदूबाईंनी तिचा हात धरला. "बाय गं, माजे गुडघे गेले. मला लादी पायजे. माज्या पोराचं लगीन अडलंय. तुमी आता नका येऊ."

लीनानं रियाकडे पाहिलं. रियानं क्षणभर विचार केला आणि इंग्रजीत सांगितलं, की मावशी म्हणतात, ही माती माझी आई आहे आणि तुम्ही सगळ्या माझ्या लेकी आहात. लीनाला हुंदका फुटला. तिनं तिथल्या तिथे एक थर जादा दिला. रियाला समितीनं त्याच दिवशी नोकरीत कायम केलं.

त्यानंतर इंदूबाई आमच्याशी बोलेनाशा झाल्या. समितीनं तो होकार समजला.

आणि इथं दगा झाला. तुकडी तीन दिवस ताजमहाल बघायला गेली (सहलीचा भाग). तेवढ्यात जितेशनं रजा टाकली, शुक्रा गवंड्याला बोलावलं, दोघांनी सगळी जमीन खाटेसकट उकरून काढली आणि लादी घातली. रविवारी सकाळी आम्ही शेणाच्या बादल्या घेऊन दार ढकललं, तर समोर पांढरी शुभ्र लादी, तीवर निळी फुलं. इंदूबाई मधोमध उभ्या. इतकं ताठ मी त्यांना आबाजी होते तेव्हाही पाहिलं नव्हतं.

"चपला भाईर काढा," त्या म्हणाल्या.

समितीची तातडीची सभा ओटीवरच भरली. परदेशी मंडळी रस्त्यावरून येताना दिसत होती आणि मोहोपाड्याचे लोकही त्याच सकाळी यायचे होते. जगदीशशेठ घामाघूम. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "चांगो, लादीवर शेण बसतं का रं?" हा प्रश्न मानवजातीला यापूर्वी पडलेला नसल्यामुळे उत्तर कुणालाच ठाऊक नव्हतं. करून बघायचं ठरलं. जितेश मोहोपाड्याच्या पाहुण्यांना आणायला फाट्यावर गेला होता आणि इंदूबाईंच्या नको-नकोला विचारतो कोण! बादल्या ओतल्या, तुकडी कामाला लागली.

उत्तर असं आहे, की बसत नाही. शेण घसरतं आणि त्यासोबत माणूसही घसरतो. लीना दारातून निघाली ती थेट चुलीपाशी पोचली. उठताना तिचा हात फिरला आणि खालून निळं फूल वर आलं. ती बघतच राहिली. नेमकी त्याच वेळी मोहोपाड्याची मंडळी दारात उभी राहिली. सुरभीच्या आईनं नाकाला पदर लावला.

इंदूबाई मटकन उंबऱ्यावर बसल्या आणि रडायला लागल्या. "आबाजी गेले तवा बी मी चारचौघांत रडली नाय," त्या म्हणत होत्या. "दोन साल मी दारात उबी ऱ्हाऊन हसली. का हसली? ह्ये लोक पावणे म्हनून हसली. माज्या पोराचं वाटोळं केलं रं तुमी." मला अतिशय वाईट वाटलं. सचिव झालो म्हणून काय झालं, काकू माझ्या लग्नात हळद दळायला जात्यावर बसल्या होत्या.

लीनानं रियाला विचारलं, काय म्हणतात त्या? रियानं तोंड उघडलं. माती, आई, लेकी, सगळं तयार होतं. पण सुरभी पुढे झाली आणि तिनं गोदामातल्या रोखठोक इंग्रजीत सगळं सांगून टाकलं. गुडघे, लादी, लग्न, सगळं. मागच्या खेपेला मावशी खरं काय बोलल्या होत्या, तेही इंदूबाईंना विचारून विचारून सांगितलं. लीनाचा चेहरा लालभडक झाला. आता आम्ही काय करू, असं तिनं विचारलं.

"बादलीत पाणी आणा," सुरभी म्हणाली.

अख्ख्या तुकडीनं जमीन धुतली. सुरभीची आई दारात उभी राहून बघत होती. मग म्हणाली, "लादी ब्येस हाय. पन सांद्यात ऱ्हायलंय, थितं बरश मारा." ब्रश मारला. लग्न ठरलं. इंदूबाईंनी रडत रडत सगळ्यांना, समितीलासुद्धा, साखर वाटली. समितीच्या इतिहासातली ही एकमेव उपयोगी सेवा असल्यामुळे ती कुठल्या सदरात घालावी हे ठरेना, म्हणून तिचं प्रमाणपत्र देता आलं नाही.

त्या रविवारनंतर परदेशी तुकड्या बंद झाल्या. लाज वाटली म्हणतात. परदेशी माणसात हा एक मोठाच दोष आहे, त्याला एकदा कळलं की लाज वाटते. तेव्हा समितीनं आता आपल्या माणसांकडे वळायचं ठरवलं. ठाणे, डोंबिवली, पुणे. म्हणजे आपण. आपली पहिली तुकडी दिवाळीच्या सुट्टीत येऊन गेली. इंदूबाईंच्या दारात उभी राहून म्हणाली, "अरेरे आजी, कशाला घातली लादी? जुनं किती छान होतं!" मग लादी पायाला गार लागते म्हणून चपला घालून घरभर फिरली. नव्या सुनेनं त्यांना चहासुद्धा दिला, ही तिची माणुसकी.

हे उत्साहवर्धक वाटल्यानं समिती सध्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांत सारवलेली जमीन शोधत हिंडते आहे. अशी घरं आता बोटांवर मोजण्याइतकीच उरलीत. आणि गंमत म्हणजे ती उरण्याचं कारण सगळीकडे एकच निघालं. घरावर शहरातल्या कुणाचं तरी नाव आहे, आणि तो लादीसाठी सही देत नाही.

त्यातलं एक घर तुमचं आहे. तुमची चुलती तिथं एकटी राहते. मे महिन्यात तिनं फोन करून विचारलं होतं, लादी घालू का रं, आता वाकवत नाय. तुम्ही म्हणालात, "काकू, राहू दे ना तसंच, आम्ही आलो की किती बरं वाटतं." तुम्ही तिकडे शेवटचे गेलात, त्याला तीन वर्षं झाली. येत्या शनिवारपासून तिच्याकडे आमच्या तुकड्या सुरू होत आहेत. लादीला तुमचा होकार येईपर्यंत समितीला कसलीच काळजी नाही. आणि तो येणार नाही, याची खात्री आम्ही तिच्याकडूनच करून घेतली आहे.