आधी ब्रेक की आधी स्पॉयलर?

समुद्रकाठच्या पाली गावात गाड्यांमधलं सगळ्यात जास्त कुणाला कळतं? ब्रिटनीला! हे मत अर्थात ब्रिटनीचंच होतं, पण तिने ते इतक्या वेळा आणि इतक्या मोठ्याने सांगितलं होतं की शेजाऱ्यांनाही पाठ झालं होतं. दहावीत गेल्यापासून पोरीला पंखच फुटले होते. वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर आला आणि तेव्हापासून घरात कुणी नुसतं "मीठ दे" म्हटलं तरी ती मिठावर भाषण द्यायची.

आणि आता तर तिच्या हाती खरीखुरी स्पोर्ट्स कार आली होती!

म्हणजे गाडी पप्पांची. गॅब्रियल पप्पा जहाजावर नोकरीला होते, तेव्हा त्यांनी हौसेने घेतलेली. दोन दारांची, लालभडक. आता ती वयाने ब्रिटनीपेक्षा मोठी होती, आणि लाल कमी, भडकच जास्त उरली होती. सुरू होताना दम्याच्या पेशंटसारखी खोकायची. मम्मीला ती डोळ्यांसमोर नको होती, कारण बोंबील वाळवायची निम्मी जागा ती अडवून बसली होती.

"रविवारी आपल्या थोरल्या फ्लेव्हियाचं लग्न हाय," मम्मीने एक दिवस निकाल दिला. "पोरगी ह्या गाडीतून चर्चला वेळेवर पोचली तर ठेवा गाडी. न्हाय पोचली, तर सोमवारी भंगारवाला!"

पप्पांचा चेहरा पडला. ब्रिटनीचा फुलला!

"पप्पा, टेन्शन नका घेऊ. गाडी मी तयार करून घेते. प्लॅन डोक्यात रेडी आहे!"

तिचा चुलतभाऊ मेल्रॉय घोडबंदरला गॅरेज चालवायचा. त्याने येऊन बॉनेट उघडलं आणि कुणी वारल्यासारखी टोपी काढली.

"ब्रिटनी, लग्नाला आठवडा राहिलाय. माझ्याच्याने दोनच मोठी कामं होतील. एक, ब्रेक. लागतात, पण विचार करून लागतात. दुसरं, रेडिएटरचा पाइप. त्याला पाइप म्हणायचं ते पण त्याचा मान राखायला."

"आणि स्पॉयलर?" ब्रिटनीने विचारलं.

"काय?"

"मागे डिकीवर तो पंखासारखा स्पॉयलर लावायचा. आणि गाडी खाली बसवायची. एकदम जमिनीला टेकल्यासारखी! स्पोर्ट्स कार आहे ती, टेम्पो नाही!"

"अगं, पण ब्रेक..."

"मेल्रॉय, व्हिडिओवाला काय शूट करणार? पाइप? लोक काय बघणार? ब्रेक? घरातून चर्चला चालत गेलं तर घाम पण येत नाही, एवढ्याशा रस्त्याला ब्रेक लागतोच कशाला? जे दिसतं ते आधी. जे लपलंय ते लग्नानंतर!"

खरं तर मेल्रॉयने नाही म्हणायला हवं होतं. पण गाडी खाली बसवायची हौस त्याला कित्येक वर्षांची होती आणि आजवर एकाही गिऱ्हाईकाने त्याला तशी संधी दिली नव्हती. त्याचे डोळे चकाकले. "किती खाली?" त्याने हळूच विचारलं.

रविवारी सकाळी गाडी अंगणात उभी राहिली आणि गल्लीतली पोरं ओरडलीच! काय तो थाट, काय तो स्पॉयलर! त्यावर दोन माणसं जेवायला बसली असती. आणि खाली तर इतकी बसलेली की, रोज तिच्याखाली सावलीला जाणारी कोंबडी अर्ध्यातूनच मागे फिरली.

पप्पा सुटाबुटात चालवायला बसले. शेजारी फ्लेव्हियाला बसवलं. गाऊन गाडीत भरलाय की गाडी गाऊनमध्ये, तेच कळेना. मागची सीट नुसती नावाला, तिथे दप्तरानेसुद्धा तक्रार केली असती. तिथे गाऊनचं शेपूट सांभाळत ब्रिटनी बसली. तिघांच्या वजनाने गाडी आणखी खाली गेली.

"बघितलं? रस्ता कसा धरून चाललीय!" ब्रिटनी म्हणाली.

खिडक्या-खिडक्यांतून हात हलत होते. मागे बँड, बँडच्या मागे मम्मी आणि वऱ्हाड. गाडी ऐटीत क्रूसाजवळच्या वळणावर आली.

आणि समोर स्पीडब्रेकर!

तो काही आज उगवला नव्हता. सुट्टीच्या दिवशी बीचवर येणाऱ्यांच्या बाईक सुसाट जायच्या, म्हणून गेल्याच महिन्यात गावाने तो स्वतः बांधला होता. गावाने म्हणजे कुणी? गॅब्रियल पप्पांनी! लोक "बस झालं" म्हणत होते आणि पप्पा ओरडत होते, "अजून एक घमेलं टाका!" ब्रिटनी रोज सायकलवरून त्याच्यावरून उडी मारायची. पण प्लॅनमध्ये त्या उंचवट्याला जागाच नव्हती.

खर्रर्र... धप्प!

पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे, आणि गाडीचं पोट मधोमध माथ्यावर! भिंतीवर ठेवलेल्या कासवासारखी गाडी डुलायला लागली. पप्पांनी घाबरून गाडी रेटली, तशी बॉनेटमधून वाफ निघाली. पाइप गेला!

"ब्रिटनी!" फ्लेव्हिया किंचाळली. "आजपासून तू माझी बहीण नाहीस!"

"तू उतर, आपण चालत जाऊ."

"चिखल आहे खाली! माझा गाऊन मळेल!"

एवढ्यात मम्मी येऊन पोचली. तिने गाडीकडे पाहिलं, वाफेकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "भंगारवाल्याचा नंबर कुणाकडं हाय?"

पप्पांनी डोळे मिटले. ब्रिटनीने मान वळवून मागे पाहिलं. पुढच्या क्षणी वऱ्हाडात तिला स्टीवन अंकल दिसले. स्वतःची होडी असलेले, मनगट म्हणजे वल्ह्याचा दांडा.

"स्टीवन अंकल! होडी किनाऱ्यावर वर कशी घेता?"

"दोरीनं," अंकल म्हणाले. मग गाडीकडे बघून हसले. "अरे, मग वाट कसली बघताय? कोट काढा रे!"

आणि काय सांगू! सुटातले सगळे काका-मामा बाह्या सरसावून उभे राहिले. कुणी दोरखंड आणले, कुणी फळ्या. एका आंटीने खोबरेल तेलाची अख्खी बाटली स्पीडब्रेकरवर ओतली.

"एक दोर पुढं, एक मागं!" स्टीवन अंकल ओरडले. "पुढचा ओढायला, मागचा धरायला. होडी सुटली तर थांबत न्हाय!"

"ही गाडी हाय, स्टीवन," पप्पा कळवळले.

"आज न्हाय!"

बँडवाल्याने ढोलावर ठेका धरला. हैऽऽसा! गाडी हलली. हैऽऽसा! गाडीच्या पोटातून असा आवाज आला की पप्पांनी छातीवर क्रूसाची खूण केली. हैऽऽऽसा! आणि तेलावरून सुळ्ळकन गाडी पलीकडे!

पलीकडे चर्चपर्यंत उतार. पप्पांनी ब्रेक दाबला. ब्रेकने विचार करायला सुरुवात केली.

"धराऽऽ!" अंकल गरजले. पुढचे बाजूला पळाले, मागचे दोरीला लोंबकळत, नवे बूट घासत धावले. मध्ये गाडी, गाडीत किंचाळणारी नवरी आणि मागे दुप्पट वेगाने वाजणारा बँड! चर्चच्या दारात नवरदेवापासून हातभर अंतरावर गाडी अलगद थांबली.

फादरनी घड्याळ पाहिलं. "नवरी? वेळेवर?" त्यांचा विश्वासच बसेना.

"पोचली की न्हाय?" पप्पा मम्मीला म्हणाले.

"ओढून!"

"कशी पोचायला पाहिजे ते कुठं ठरलं होतं?"

मम्मीने कपाळावर हात मारला. "ठेवा," ती म्हणाली. पप्पा सगळ्यांसमोर गाडीच्या टपाची पापी घेऊन मोकळे झाले.

रिसेप्शनला ब्रिटनी मोरासारखी फिरत होती. "आयडिया माझी!" प्रत्येक टेबलावर सांगून झालं. तेवढ्यात मॉली आंटीने तिला गाठलं. आंटीच्या मुलीचं लग्न पुढच्या महिन्यात होतं.

"काय एंट्री गं! अंगावर काटा आला. आमच्या पोरीला पण हुबेहूब तशीच पाहिजे!"

ब्रिटनीने मान ताठ केली. "मिळेल ना, आंटी! फक्त आधी पाइप बदलू, मग ब्रेक, आणि मग मी म्हणते जरा रंग..."

"कुणाचा रंग?"

"गाडीचा!"

"गाडी कशाला?" आंटी म्हणाली. "गाडी हाय आमच्याकडं, एसीवाली, चालणारी. मला ती दोरीवाली माणसं पाहिजेत! स्टीवनला विचारशील?"

ब्रिटनीने ताटातला गरम फुगा, म्हणजे मैद्याचा तळलेला गोल पाव, उचलला आणि अख्खाच्या अख्खा तोंडात कोंबला. तोंड भरलेलं असलं की उत्तर द्यावं लागत नाही!