मंगळवार पेठेतली उकरलेली भुई

माझ्या धाकट्या भावाचं, कृष्णातचं, लग्न झालं ते साल १९०८. त्या लग्नात नवरदेवाचं पायताण हरवलं आणि वऱ्हाडात आलेल्या सयाजीरावांनी ते शोधून काढलं. ते त्यांच्याच पायात होतं. पण त्या दिवसापासून ते स्वतःला शोधक म्हणवून घेऊ लागले.

"घारीची नजर, हरणाचं कान आन कुत्र्याचं नाक, ह्ये तिन्ही एका देहात बघायचं आसंल तर मला बघा," असं ते भेटेल त्याला सांगत.

"मग माणसाचं काय ऱ्हायलं, सयाजीराव?" मी एकदा विचारलं.

"आडनाव," ते म्हणाले.

मी गुंडू, त्यांचा मदतनीस. माझं काम छत्री धरायचं आणि "वा" म्हणायचं.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आकारामचं घर होतं. त्यानं नुकतीच राहत्या घरात शहाबादी फरशी घातली होती आणि येईल त्याला पायताण काढायला लावून तो तिचा गारवा दाखवायचा. मागच्या अंगाची खोली मात्र मातीचीच होती. तिथं इलाही पिंजारी आणि त्याची बायको मेहमुदा भाड्यानं राहत. भुई चोपायची, सारवायची, ते सगळं भाडेकऱ्यानं करायचं, असा करार. मेहमुदा ती इतकी सुरेख राखायची की शेजारच्या बायका बघायला येत.

आणि अचानक दाराजवळचा कोपरा उकरलेला दिसू लागला. मेहमुदानं लिंपावा, दुसऱ्या दिवशी पुन्हा खड्डा.

आकारामनं तो बघितला आणि पेटला. "आरं, भुई हाय का वावार? दसऱ्याला खोली मोकळी करा!"

इलाहीचा चेहरा उतरला. पिंजाऱ्याला खोली द्यायला कुणी तयार नसतं. कापूस उडतो, शेजाऱ्यांच्या आमटीत पडतो. ही खोली गेली तर संसार धर्मशाळेत. तो सयाजीरावांकडं आला. त्यावरून त्याची अवस्था ध्यानात यावी.

सयाजीराव कोपऱ्याशी पालथे पडले. माती हुंगली. मग उठून म्हणाले, "भुयार! पन्हाळ्यावरनं निघालंय, हितं उघडतंय."

"आवो, पन्हाळा कुठं, मंगळवार पेठ कुठं?" मी म्हटलं.

"म्हनून तर थोडंथोडं खनत्यात."

मी "वा" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी भुयाराची घूस झाली. त्यांनी भाकरीचा तुकडा ठेवला. भाकरी तशीच, माती गायब. "घूस न्हाय," ते गंभीरपणे म्हणाले. "भाकरी सोडून माती उचलनारा चोर. म्हंजे कुंभार!" पेठेतल्या कुंभारानं त्यांना मडकं फेकून मारलं. सयाजीरावांनी ते पुरावा म्हणून जपून ठेवलं.

शेवटी त्यांनी हुकमी डाव टाकला. कोपऱ्यात लाल चटणी पसरली. आमच्याकडची, कांदा-लसूण घालून कांडलेली. "हात घालंल तो बोंबलत सुटंल. आवाज आला की धरायचा!"

दुपारी मेहमुदा नेहमीसारखी पाण्याला गेली. आम्ही दोघं गल्लीच्या तोंडाशी कान लावून बसलो. कुणी बोंबललं नाही. सयाजीरावांना डुलकी लागली आणि मला त्यांच्याकडं बघून लागली.

जाग आली तेव्हा मेहमुदा दारात घागर घेऊन उभी. कोपरा आणखी खोल. चटणीचा कणही नाही.

"चटनीसकट खाल्लं!" सयाजीराव कुजबुजले. "एक गोष्ट पक्की. गुन्हेगार अस्सल कोल्हापूरचा हाय."

मेहमुदा खड्ड्याकडं बघत राहिली. मग तिला हसू आवरेना. घागर खाली ठेवून ती तडक आकारामच्या बायकोकडं, बयाबाईकडं गेली. आम्ही मागं.

"मावशी, तुमच्या सूनबाईला दिवस गेल्यात का वो?"

बयाबाई चमकली. "तुला कुनी सांगितलं? आजून सासऱ्याच्या कानावर बी घातलं न्हाय."

"माझ्या भुईनं सांगितलं. ओल्या सारवनाचा वास आला की पोरीला ऱ्हावत नसंल. माती खाती, वर चटनी चाटती. दुसरं कोन आसनार?"

आतल्या दाराआड आकारामची सून शालूबाई उभी होती. पदर तोंडाला, हनुवटीला मात्र माती.

"आगं, मग शेजारच्या खोलीत कशाला?" बयाबाईनं विचारलं.

"आपल्या घरात कुठं हाय माती?" पोर रडवेली झाली. "समदा दगूडच घातलाय मामंजीनी."

आकाराम ओसरीवरून आला. त्याला सगळं सांगितल्यावर तो फरशीकडं बघू लागला.

"बघा आता गारवा," बयाबाई म्हणाली. "तुमच्या दगडापायी सून भाडेकऱ्याची भुई खाती, आन तुम्ही त्यासनीच हाकलाय निघालाय! बाळंतपन हुईस्तवर ती भुई हाय तशी ऱ्हायला पायजे. आन भुई ऱ्हायची तर सारवनारी बी ऱ्हायला पायजे."

"मग मला कुनी सांगायचं न्हाय व्हय?" आकाराम एवढंच बोलला. दसऱ्याचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. मेहमुदानं सुनेसाठी भाजलेल्या मातीची ढेकळं आणून दिली, त्याच कुंभाराकडून.

"कोल्हापूरचा गुन्हेगार! बोललो हुतो का न्हाय?" सयाजीराव परतताना म्हणाले.

"शालूबाईचं म्हायार निपाणीचं हाय," मी सांगितलं.

त्यांनी माझ्या हातातली छत्री स्वतःच्या डोक्यावर ओढून घेतली.

आकाराम मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीत वारला, १९१८ च्या दिवाळीआधी. सयाजीराव त्याच साथीत, त्याच्यामागं आठवड्यानं. मेहमुदाभाबी १९२१ च्या उन्हाळ्यात वारली, त्याच खोलीत, स्वतः सारवलेल्या भुईवर.