सात पिढ्यांत चष्मा नाही!

आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणाला चष्मा लागलेला नाही! मी हे छातीठोकपणे सांगतो. आजोबांच्या पलीकडचं मला कुणाचं नावही माहीत नाही, पण छाती ठोकायला माहिती कुठे लागते?

त्यामुळे आमची सहा वर्षांची भिंगरी मान वाकडी करून, टीव्हीला नाक लावून बसायला लागली आणि बायको म्हणाली, "अहो, हिचे डोळे तपासून आणू," तेव्हा मी खो खो हसलो.

"डॉक्टर कशाला? मी आहे ना!"

मी भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवलं. भिंगरीने लांबूनच मथळा घडाघडा वाचला. मी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं.

"आता एकेक डोळा झाकून वाचू दे," ती म्हणाली.

डावा झाकला, वाचलं. उजवा झाकला आणि भिंगरी गप्प!

"बाबा, पेपर काढलात?"

"नाटक!" मी गरजलो. "शेजारच्या पोरीला गुलाबी चष्मा मिळाला ना, म्हणून हे सोंग!"

सोंग उघडं पाडायला मीच दोघींना दवाखान्यात नेलं. शिरल्या शिरल्या डॉक्टरीणबाईंच्या कानाशी लागलो. "साधी काच लावून द्या. दोन दिवसांत खूळ उतरेल."

भिंतीवरची पाल अचानक बोलायला लागावी, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंगरीच्या उजव्या डोळ्यावर पट्टी चिकटवली. "जा बघू बाबांकडे."

भिंगरी तरातरा निघाली ती थेट कोपऱ्यात! तिथे स्टँडवर डॉक्टरीणबाईंचा कोट लटकत होता. तिने त्याची बाही धरली. "बाबा, चला ना घरी."

"अगं, मी इकडे!"

ती कोटाला बिलगली. "बाबा, तिकडे कुणीतरी तुमच्यासारखंच ओरडतंय!"

एरवी मी हसलो असतो. पण या वेळी मी जाऊन तिचा हात धरला.

"याला आळशी डोळा म्हणतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आळशी! मी रोज हेच सांगतो हिला..."

"डोळा आळशी आहे, मुलगी नव्हे! डाव्याचा नंबर मोठा, म्हणून मेंदूने त्याच्याकडे लक्ष देणंच सोडलंय. उजवा सगळं काम ओढतो, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. तिला स्वतःलाही नाही."

भिंगरीने विचारलं, "म्हणजे सगळ्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसतं?"

बायकोने तिला जवळ ओढलं.

"वेळेत आणलंत, सुधारेल. अजून काही वर्षं काढली असतीत तर अवघड होतं."

"मीच आणलं!" मी घाईने म्हणालो. बायको नुसतीच हसली. त्यापेक्षा भांडली असती तर परवडलं असतं.

उपाय ठरला. चष्मा, रोज दोन तास चांगल्या डोळ्यावर पट्टी, आणि तेवढा वेळ शेजारी बसून तिच्याकडून चित्रं काढून घेणं. ही शेवटची ड्यूटी अर्थात माझी! पहिल्याच दिवशी तिने माझं चित्र काढलं. कागदभर एक उघडं तोंड!

"बाकीचा मी कुठाय?"

"या डोळ्याने तुमचं एवढंच दिसतं."

बायकोने ते फ्रिजवर लावलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते.

महिन्याभराने चित्रात नाक आलं, डोळे आले आणि चांगले सुपाएवढे दोन कान! मी ते चित्र नाचवतच दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी भिंगरीला तपासलं. नजर खरोखरच सुधारत होती.

"बघा, कानसुद्धा दिसायला लागले!" मी म्हणालो.

"छे हो," बायको म्हणाली, "कान तिने मनाने काढलेत. तुम्ही कधी कुणाचं ऐकता?"